पार्वो: मांजरांपासून कुत्र्यांपर्यंत आणि पुढे रानात

दिवाळी सरली की विदर्भातल्या गावांत कुटाराच्या ढिगाआड, पडक्या गोठ्यात कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात. दीड-दोन महिन्यांची होतात तोच त्यातली काही खाणं सोडतात, ओकतात, रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत मरतात. कापसाच्या मुलखात पहिला संशय फवारणीच्या औषधावर जातो, तो साहजिकही आहे. पण अनेकदा कारण पार्वो या विषाणूचा रोग असतो. आणि आजच्या म्हाताऱ्यांच्या तरुणपणी कुत्र्यांत हा रोग नव्हताच.

मांजरांत मात्र होता. पांढऱ्या पेशी झपाट्याने घटवणारा मांजरांचा हा आजार विषाणूमुळे होतो, हे १९२८ मध्येच दाखवलं गेलं होतं. १९४० च्या दशकात कॅनडात फरसाठी पाळलेल्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या मिंकांत त्याच जातकुळीची साथ आली. १९६० च्या दशकात हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवला गेला, तेव्हाच्या सुरुवातीच्या नमुन्यांत एक बिबट्याचा होता. म्हणजे रान या गोष्टीत आधीपासूनच आहे.

१९७८ मध्ये अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात कुत्री पटापट मरू लागली. जुने साठवलेले रक्तनमुने तपासले, तर युरोपातल्या काही कुत्र्यांत १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनच प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) सापडली. मांजराच्या विषाणूच्या कवचातल्या प्रथिनात मोजकेच बदल झाले होते. तेवढ्यावर त्याला कुत्र्याच्या पेशीचं दार उघडता आलं. मांजरांच्या लशीतूनच हा विषाणू निपजला, अशी शंकाही घेतली गेली, पण तिला पुरावा मिळाला नाही. गंमत अशी की कुत्र्यांची स्वतंत्र लस येईपर्यंत मांजरांच्याच लशीवर काम भागवावं लागलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातूनही रुग्णांच्या नोंदी येऊ लागल्या.

कुत्र्यात आलेल्या पहिल्या रूपाला मांजरात शिरता येत नव्हतं. दोन-तीन वर्षांतच '२ए' हे रूप आलं, त्याने पहिल्याला जवळजवळ हुसकावून लावलं आणि मांजरात शिरण्याची वाटही परत मिळवली. पुढे '२बी', मग २००० मध्ये इटलीत '२सी'.

विषाणू लागतो तो सतत विभागणाऱ्या पेशींना: आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा. म्हणून पिल्लं आधी जातात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं ओसरेपर्यंत लसही नीट लागू पडत नाही, आणि ती ओसरतात नेमकी या वयात. त्यामुळे सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. एकदा टोचून आणलं की झालं, हा समज इथेच महागात पडतो.

त्यात हा चिवट. विष्ठेतून मातीत गेला की महिनोन्‌महिने टिकतो. साबण, फिनाईलला दाद देत नाही. ब्लीचिंगने मरतो, पण शेणाने सारवलेल्या अंगणात ब्लीचिंगचा जोर शेणमातीतच संपतो. पिल्लू मेलं त्याच गोठ्यात लगेच दुसरं आणून बांधलं, तर तेही त्याच वाटेने जाण्याची भीती असते.

हीच कुत्री रात्री जागलीला शेतावर, दिवसा गुराख्याच्या मागे रानात जातात. ताडोबा, पेंच, मेळघाटच्या कडेला त्यांच्या वाटांवरूनच कोल्हे, रानकुत्रे, बिबट फिरतात. सोलापूरकडच्या नान्नज परिसरातल्या अभ्यासात (२०१४) तपासलेल्या गावकुत्र्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कुत्र्यांच्या रक्तात पार्वोची प्रतिपिंडं होती. म्हणजे बहुतेकांना तो कधीतरी होऊन गेला होता. अमेरिकेतल्या आयल रॉयल बेटावर १९८० ते ८२ दरम्यान लांडगे पन्नासवरून चौदावर आले. माणसाबरोबर आलेल्या कुत्र्यातून पार्वो तिथे पोहोचला, असं अभ्यासक मानतात. आणि मांजरांचा मूळ विषाणूही कुठे गेलेला नाही: २०२३ मध्ये बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा प्राणी उद्यानात बिबट्याची सात पिल्लं त्यानेच मेली.