येरळेची वाळू कोणाची?

येरळा खटाव तालुक्यातून खाली उतरते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वर्षातले बरेच महिने पात्र कोरडंच. पण कोरडं म्हणजे रिकामं नव्हे. पावसाचं पाणी वाळूच्या थरात मुरतं आणि काठच्या विहिरींना पाझरत राहतं. वाळू उपसली की विहिरी आटतात, हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

कायद्यानं मात्र या एकाच पाण्याची वाटणी करून टाकली. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानं जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाला दिला. नदी सरकारची, आणि १९५७च्या खनिज कायद्यानुसार तिची वाळू 'गौण खनिज', म्हणजे लिलाव महसूल खात्याच्या हातात. लिलावाची रक्कम तिजोरीत, वाळू शहरातल्या इमारतींत, आणि कोरडी विहीर गावाच्या वाट्याला. नदीला विकणारा होता, राखणारा कुणी नव्हता.

१९८२च्या संपानंतर गिरणी कामगार मुंबईहून खानापूर तालुक्यात परतले ते दुष्काळातच. तिथे मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, भारत पाटणकर तिच्या पुढाऱ्यांपैकी एक. रोजगार हमीवर नुसती खडी किती वर्षं फोडायची, हा त्यांचा सवाल होता. येरळेकाठच्या बलवडी आणि तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी मग वेगळीच मागणी केली: ठेकेदारांचा उपसा थांबवा, थोडी वाळू आम्हाला विकू द्या, त्या पैशातून धरण आम्हीच बांधतो. सरकारदरबारी बरेच हेलपाटे झाले. शेवटी वाळूचा पैसा आणि श्रमदान यांवर बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं.

धरण छोटंच. महत्त्वाची होती ती वाटणीची अट. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर प्रत्येक कुटुंबाला सारखं, भूमिहीनांनाही. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही त्याचाही पाण्यावर हक्क, हे मान्य करायला मोठ्या बागायतदारांच्या मुलखात छाती लागते.

पुढे कायदेही बदलले. २००५मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, २००९च्या भूजल कायद्यानं खोल विंधन विहिरींवर बंधनं घालायची सोय केली. वाळूच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्ये सांगितलं. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे उचललं. तिचं लाभक्षेत्र मात्र हेक्टरांतच मोजलं जातं, कुटुंबांत नाही.