डिस्क क्लोनिंगमधील अडचणी

डिस्क क्लोनिंग म्हणजे संगणकाच्या एका डिस्कवरचे सगळे काही, कार्यप्रणाली, बूट होण्यासाठी लागणारे छोटे विभाग आणि फाइली, दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवणे. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवताना याची गरज सर्वाधिक पडते, कारण विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याचा खटाटोप वाचतो. क्लोनझिला, मॅक्रियम रिफ्लेक्ट आणि युनिक्समधली डीडी ही आज्ञा ही यासाठीची परिचित साधने. प्रत उतरवण्याचे काम बहुधा निर्विघ्न पार पडते. खरा घोळ होतो तो त्यानंतर, नव्या डिस्कची ओळख यंत्राला पटवताना.

आकाराची अडचण मात्र आधीच आडवी येते. ५०० जीबी हार्ड डिस्कवर सहसा ५१२ बाइटांचे ९७,६७,७३,१६८ सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) असतात. ४८० जीबी एसएसडीवर ९३,७७,०३,०८८. त्यामुळे वापरलेली जागा थोडीच असली तरी सेक्टरवार नक्कल करणारे साधन नकार देते, आणि डीडी तर शेवटपर्यंत जाऊन मग जागा संपल्याचे सांगते. अशा वेळी सी ड्राइव्ह आधी लहान करून, फक्त वापरातला भाग उतरवणारे आणि पार्टिशनांची (डिस्कच्या विभागांची) मांडणी नव्याने करणारे साधन घ्यावे. उलट मोठ्या डिस्कवर प्रत घेतली की वाढीव जागा शेवटी मोकळी पडून राहते आणि सी ड्राइव्ह वाढवता येत नाही, कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन ठाण मांडून असते. डिस्क एमबीआर या पार्टिशनांची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीची असेल, तर सुमारे २.२ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. तिथे जीपीटी या नव्या पद्धतीकडे वळण्यावाचून इलाज नाही.

सर्वांत जास्त माणसे अडकतात ती पहिल्या बूटला. साटा या जुन्या जोडणीच्या डिस्कवरून एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीच्या एसएसडीवर आल्यावर निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे दिसते. फाइली सगळ्या जागच्या जागी असतात. पण एनव्हीएमईचा ड्रायव्हर सुरुवातीलाच चढवायचा असतो, हे जुन्या डिस्कवरून उतरलेल्या विंडोजला ठाऊक नसते. एकदा सेफ मोडमध्ये चालू केले की बहुतेकदा हा प्रश्न सुटतो. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा डिस्क हाताळण्याची पद्धत एएचसीआयवरून रेडवर (किंवा उलट) बदलली गेली असेल तरी हाच संदेश येतो. बूटची नोंद जुन्याच डिस्ककडे बोट दाखवत असेल, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही आज्ञा चालवून ती नव्याने लिहावी लागते.

क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क जोडून संगणक सुरू करणे ही सवय मोडलेली बरी. एमबीआर डिस्कची ओळख पटवणारी सही अवघ्या ४ बाइटांची असते आणि क्लोनसोबत तीही उतरते. सारख्या सहीच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज एकीला ऑफलाइन टाकते. कधी जुन्याच डिस्कवरून बूट होते आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. लिनक्सवर एक्सएफएस फाइलप्रणाली तोच यूयूआयडी (फाइलप्रणालीचा ओळख क्रमांक) पुन्हा दिसल्यास माउंट व्हायला नकार देते. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलप्रणालीचे दुखणे याहून गंभीर, तिथे विदा बिघडण्याचीच भीती असते. म्हणून पहिल्या बूटला जुनी डिस्क काढून ठेवावी.

क्लोनिंग मध्येच थांबले, तर संशय आधी जुन्या डिस्कवर घ्यावा. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या) नोंदींत १९७ क्रमांकाचा (वाचता न आलेल्या सेक्टरांचा) आकडा शून्याहून जास्त असेल, तर नेहमीची साधने बाजूला ठेवून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अवघड जागा मागे ठेवते आणि कुठवर आलो याची नोंद फाइलमध्ये राखते. १९९ क्रमांकाचा (केबलवरून विदा येता-जाता झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो, आणि ती बदलणे सर्वांत स्वस्त. डीडी वापरणाऱ्याने ‘आयएफ’ (कुठून वाचायचे) आणि ‘ओएफ’ (कुठे लिहायचे) यांची अदलाबदल झाली नाही ना, हे डिस्कचा मॉडेल व सिरियल क्रमांक जुळवून पाहावे, ही आज्ञा काही विचारत बसत नाही, कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर बिनदिक्कत लिहून टाकते.

काही यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून जोडायची उपकरणे) सेक्टर ४,०९६ बाइटांचे असल्याचे भासवतात. त्यांतून केलेला क्लोन संगणकात बसवला की पार्टिशनच दिसत नाहीत. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

एकच प्रत शाळेच्या लॅबमध्ये किंवा कार्यालयात अनेक संगणकांवर टाकली, तर सगळ्यांचा एसआयडीही (विंडोजमधला संगणकाचा ओळख क्रमांक) एकच होतो. मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये या सारखेपणाचा फारसा तोटा नसल्याचे मांडले होते आणि एसआयडी बदलणारे आपले न्यूएसआयडी हे साधनही मागे घेतले होते. २०२५ मधल्या विंडोज अपडेटांनी एसआयडीची तपासणी कडक केली आणि अशा संगणकांवर नेटवर्कमधून लॉगिन, शेअर केलेली फोल्डरे व रिमोट डेस्कटॉप अडू लागले. मूळ संगणकावर सिसप्रेप (संगणकाची स्वतंत्र ओळख पुसणारे विंडोजचे साधन) चालवून मगच प्रत वाटणे हीच मायक्रोसॉफ्टला मान्य असलेली रीत आहे.