संजीवन सभेतला उमाळा आणि सेवेचं पाचारण

संजीवन सभेच्या, म्हणजे मंडळीनं (चर्चनं) विश्वास जागवायला भरवलेल्या सभेच्या, शेवटच्या रात्री आवाहन झालं की पुढे येणाऱ्यांत विशीतली दोन-चार पोरं असतातच. डोळे भरून येतात, गुडघे टेकले जातात, "प्रभू, मला वापर" असं मनापासून म्हटलं जातं. पुढच्या रविवारी त्यांतल्या एकाच्या हाती माईक येतो. महिन्याभरात तो तरुण संघाचा अध्यक्ष होतो आणि सोयाबीनची सोंगणी लागेपर्यंत उपासनेलाही येईनासा होतो. मंडळी म्हणते, पोरगा थंड पडला. पोरगा म्हणतो, माझ्यातच काही खोट असेल. बहुतेक वेळा दोघांचंही चुकतं. त्या रात्री त्याला उमाळा आला होता आणि सगळ्यांनी मिळून त्यालाच पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाची हाक, धरलं.

गल्लत होणं साहजिक आहे. दोन्ही देवाकडून येऊ शकतात आणि दोन्हींत माणूस गहिवरतो. पण उमाळ्याला लगेच काहीतरी करायला द्यावं लागतं, पाचारणाला वेळ द्यावा लागतो. पुढारी घडवताना ह्याची अदलाबदल झाली की चांगली माणसं वाया जातात.

उमाळा कसा ओळखायचा

उमाळ्याला जागा असते आणि वेळ असते. तीन दिवसांचा उपवास, रात्री बारापर्यंतची गाणी, एका सुरात गाणारी पाचशे माणसं, नेमकं आपल्यालाच लागू पडणारं वचन. भूक, जागरण आणि गर्दी यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून तो खोटा ठरत नाही. देव माणसाच्या शरीरातूनही काम करतो. मात्र सभा उठली, मांडव सुटला, की त्यातला शरीराचा वाटा दोन-तीन आठवड्यांत उतरतो. ते नैसर्गिक आहे, पाप नाही. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिल्यावर लगेचच संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली "आता पुरे" म्हणून आडवा झाला. तिथं देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं आणि झोपू दिलं, तेही दोनदा (१ राजे १९). सभेनंतर सुस्तावलेल्या पोराला रागावण्याआधी पाळकांनी हा अध्याय वाचावा.

येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जागेवरचं बी लगेच उगवतं, कारण माती खोल नसते (मार्क ४). बरडातलं वावर ज्यानं वाहिलं आहे त्याला हे समजावून सांगायला नको. तिथं पीक आधी हिरवं दिसतं आणि आधी सुकतं. लवकर उगवलं म्हणून जमीन चांगली, असं कोणी शेतकरी म्हणत नाही.

उमाळ्याचं खरं काम अडलेली एक गोष्ट सोडवणं हे आहे. म्हणून सात दिवसांच्या आत करता येईल असं एकच काम त्याला द्यावं: खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडणं, धुऱ्याच्या (बांधाच्या) वादातून अबोला धरलेल्या भावाच्या घरी जाणं, उसने घेतलेले पैसे परत करणं. सोबत मार्कचं शुभवर्तमान, रोज एक अध्याय. सोळा अध्याय म्हणजे सोळा दिवस, बरोब्बर उमाळा ओसरू लागतो त्या काळापुरते. ह्या दिवसांत पद द्यायचं नाही आणि साक्ष द्यायला गावोगाव फिरवायचंही नाही. त्याच त्या साक्षीला चार ठिकाणी टाळ्या पडल्या की मुलगा पाचव्या ठिकाणी ती थोडी वाढवून सांगतो, आणि मग त्याला स्वतःलाच आपलं खरं किती ते कळेनासं होतं.

पाचारण कसं ओळखायचं

बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकापुढे एक दाखवतं, म्हणून पुढारपण शिकवताना आम्ही त्यालाच पहिलं स्थान देतो. तेरा अध्याय आहेत. आठवड्याला एक घेतला तर तीन महिने पुरतात.

यरुशलेमेचा कोट पडला आहे, हे ऐकून पारसाच्या राजाच्या चाकरीतला यहूदी नहेम्या बसून रडला, उपवास केला. हा उमाळा. ते यहूदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात. राजापुढे त्यानं तोंड उघडलं ते नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. मधल्या काळात तो प्याला भरून देण्याची आपली नोकरी करत राहिला आणि प्रार्थना करत राहिला. चार महिन्यांनीही दुःख ओसरलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. रोजच्या कामाच्या धबडग्यात, कोणी गाणं म्हणत नसताना, तेच ओझं तसंच राहतं, ही पाचारणाची पहिली खूण.

दुसरी खूण म्हणजे पाचारणाला पत्ता असतो. "देवासाठी काहीतरी मोठं करायचंय" याला पत्ता नाही. "आपल्या टोलीवरची आठ मुलं सातवीनंतर शाळा सोडतात, त्यांच्यासाठी काही करायचंय" याला आहे. राजानं विचारलं तेव्हा नहेम्यानं किती दिवस लागतील ते सांगितलं, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं मागितली आणि लाकडासाठी राजाच्या वनाच्या रखवालदाराला चिठ्ठी मागितली. चार महिने त्यानं प्रार्थनेबरोबर हिशेबही केला होता, हे उघड आहे.

तिसरी, ते दुसऱ्यांना दिसतं. बाळ शमुवेलाला हाक तीनदा आली आणि तिन्ही वेळा तो एलीकडे धावला. हाक देवाची आहे हे म्हाताऱ्या याजक एलीनं ओळखलं. अंत्युखियात बर्णबा आणि पौल यांना वेगळं काढण्याची सूचना मंडळी उपासना आणि उपास करत असताना आली, आणि हात ठेवून मंडळीनंच त्यांना पाठवलं (प्रेषितांची कृत्ये १३). "मला देवानं सांगितलंय" म्हणून जो कोणाला विचारतच नाही, त्याच्याबाबतीत थांबावं. आणि जो विचारायला येतो त्याला वडील मंडळींनी हसण्यावारी नेऊ नये.

उमाळ्याला वेळ देऊन पाचारण कसं पक्कं होतं, ह्याचं उदाहरण नागपूरच्या रेल्वेमार्गावरच आहे. कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एका सहप्रवाशानं नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं ते हलले, पण दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा घ्यायला धावले नाहीत. वाचन, पत्रव्यवहार, घरच्यांचा जीवघेणा विरोध, हे सगळं पार करून १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि १९१७ साली, साठीकडे झुकताना, मिशनची नोकरी सोडून त्यांनी "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. डब्यातला तो प्रसंग एवढी वर्षं एकट्याच्या बळावर टिकला नसता.

उलटी चूक

उमाळ्याला पाचारण समजणं ही गाजणारी चूक. तिच्याहून जास्त नुकसान करणारी दुसरी आहे, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. ज्यांना कधी उमाळा आलाच नाही ते धरून चालतात की आपल्याला पाचारण नाही.

प्रत्येक मंडळीत अशी एखादी बाई असते. कापूस वेचून संध्याकाळी घरी येते, चूल पेटवायच्या आधी शेजारच्या बाळंतिणीकडे डोकावते. कोणाचा नवरा पिऊन पडला आहे, कोणाच्या घरी पीठ संपलं आहे, हे तिला पाळकांच्या आधी ठाऊक असतं. बचत गटाचे पैसे तिच्याकडे निर्धास्त ठेवले जातात. सभेत ती कधी पुढे गेली नाही, रडली नाही. वर सांगितलेल्या तिन्ही खुणा तिच्यात वर्षानुवर्षं आहेत, फक्त तिला कोणी तसं सांगितलेलं नाही. यरुशलेमेतल्या विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात तक्रार झाली तेव्हा आत्म्यानं आणि ज्ञानानं भरलेले सात जण मंडळीनंच निवडले (प्रेषितांची कृत्ये ६). स्तेफन आणि फिलिप्प यांची सुरुवात ताटं वाढण्याच्या कामातून झाली. नव्या कार्यकारिणीची नावं काढताना आधी ही ताटं वाढणारी माणसं आठवावीत.

आणि पाचारण म्हणजे पाळकच व्हायचं असं नाही. गावात ख्रिस्ती घरं चार-पाचच असतील तर अंगणवाडीत, ग्रामपंचायतीत, शाळा समितीत ज्याचा शब्द सगळे मानतात तोही पाचारणातच चालतो आहे.

सहा महिन्यांची पारख

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोन अटी शेजारी शेजारी आहेत: अध्यक्ष नवशिका नसावा, आणि सेवकांची आधी पारख व्हावी (३:६, ३:१०). ही पारख आपल्याकडे विदर्भात पावसाळ्यापासून नाताळापर्यंत सहज बसते, कारण ह्या काळात पेरणी, निंदण, सोंगणी आणि वेचणी सगळं येतं. वेळ काढणं जड असतानाच कोण टिकतं ते दिसतं.

पहिले दोन महिने माईक नसलेलं काम: सतरंज्या घालणं, हजेरीची वही, म्हातारीला उपासनेला आणणं, दवाखान्यात भरती असलेल्याला डबा पोचवणं. एकच काम द्यावं, ठरलेल्या वारी. दोनदा न सांगता चुकलं तर तिसऱ्यांदा घरी जाऊन विचारावं, सगळ्यांपुढे नाही.

पुढचे दोन महिने घरप्रार्थना, एका मोहल्ल्याची. इथं बहुतेकांचं बिघडतं ते लांबवण्यानं. एक तास पक्का धरावा. दोन गाणी, दहा मिनिटं. एकच उतारा, दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा वेगळ्या माणसानं. मेळघाटात दुसरं वाचन किंवा सांगणं कोरकूतून, गडचिरोलीकडे गोंडीतून झालं तर म्हाताऱ्या बायका पहिल्यांदा बोलू लागतात. बोलणाऱ्यानं दहा मिनिटांवर जाऊ नये. मग वीस मिनिटं तीनच प्रश्न: यात देवाबद्दल काय दिसलं, माणसाबद्दल काय दिसलं, ह्या आठवड्यात काय करायचं. उरलेला वेळ नाव घेऊन प्रार्थना. आठला सुरू झालं की नऊला उठायचं, कारण वेचणीच्या बायांना पहाटे भाकरी करायच्या असतात. हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाइन असेल त्या आठवड्यात पुरुष येणार नाहीत. तेव्हा रुसण्यापेक्षा वार बदलावा. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे गाव रिकामं होतं आणि तेंदूच्या दिवसांत माणसं अर्धी झोपेत असतात. माणसांचं वेळापत्रक ज्याला पाठ आहे त्यालाच पुढारपण जमतं.

शेवटचे दोन महिने माणसं वाटून घेणं. सासरा इथ्रो यानं मोशेला हजार, शंभर, पन्नास आणि दहा अशी वाटणी सुचवली, कारण एकटा मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसून झिजला असता (निर्गम १८). नवख्यानं दहा कुटुंबांच्या पुढे जाऊ नये. आणि स्वतः नसेल त्या दिवशी प्रार्थना कोण घेईल, त्या माणसाचं नाव सहाव्या महिन्याअखेर त्याच्याकडे असलं पाहिजे. ते नाव नसलं तर बाकी सगळं चांगलं असूनही पारख आणखी तीन महिने चालू ठेवावी.

जिथं घसरतात

पैसा पहिला. दान दोघांनी मोजावं, त्यांपैकी कोणी एकमेकांच्या घरचं नसावं. त्याच दिवशी वहीत आकडा आणि दोन सह्या. पुढाऱ्याच्या घरी रक्कम एक रात्रही राहू नये, त्याचा प्रामाणिकपणा वादातीत असला तरी. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक सांगतात की धान्यासाठी शेतं आणि घरं गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं. कर्जात बुडालेल्या गावात हा अध्याय वाचला की लोक मान वर करून ऐकतात. नहेम्यानं सावकारांना जमिनी परत करायला लावल्या, आणि स्वतः अधिपती असूनही बारा वर्षं त्या पदाचा भत्ता घेतला नाही. म्हणून त्याचं ऐकलं गेलं.

दुसरं, आजारपण. "विश्वास असेल तर गोळ्या बंद कर" असं सांगणारा पुढारी त्याच दिवशी थांबवावा. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडला तर रोग उलटतो आणि औषधांना दाद देत नाही. आपल्या भागात सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत. त्यांना कळा सुरू झाल्या की डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी आणि त्याच वेळी गाडी बोलावून दवाखान्यात न्यावं.

तिसरं, गावातल्या राजकारणाचा साचा. हार, बॅनर, खुर्ची मधली कोणाची यावरून रुसवा. अधिकार गाजवणाऱ्यांबद्दल येशूनं शिष्यांना स्पष्ट सांगितलं की तुमच्यात तसं असू नये (मार्क १०). सत्कार बंद केले तर हा रोग निम्मा तिथंच जातो.

पूर्णवेळ सेवेत जायचं असेल तर ही पारख झाल्यावरच धर्मविद्यालयाचा विचार करावा. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ते १९८३ यवतमाळात होती, मग पुण्याला गेली. त्यामुळे आज विदर्भातल्या मुलाला शिक्षणासाठी बहुधा घर सोडावं लागतं. घरची शेती कोण बघणार, धाकट्या बहिणीचं शिक्षण कसं होणार, हे निघण्याआधी आईबापांसमोर बसून बोलावं. कॅथलिक घरांत हीच पारख फादर आणि नंतर सेमिनरी अनेक वर्षं करतात. तिथं घाई होण्याचा धोका कमी आहे, मात्र सेमिनरीत न जाणाऱ्या तरुणाकडे लक्ष द्यायचं राहून जातं.

पाळकांसाठी

सभा उठल्याच्या सोमवारी पुढे आलेल्यांची नावं वहीत लिहावीत, प्रत्येकासमोर तीन रकाने: सात दिवस, एक महिना, सहा महिने. पहिल्या भेटीत विचारायचं, दिलेलं एक काम झालं का. दुसऱ्या भेटीत, मार्क कुठपर्यंत आला आणि काय अडलं. तिसऱ्या भेटीत त्याला काही विचारायचं नाही. त्याच्या आईला, शेतमालकाला आणि प्रार्थनेला येणाऱ्या एका म्हातारीला विचारायचं की हा बदलला का.