रक्ताच्या टेस्टने आतड्याचा कॅन्सर कळतो का? आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार.

हल्ली काउंटरवर एक प्रश्न वरचेवर येतो: "मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची रक्ताची टेस्ट तुमच्याकडे होते का?" कुणी व्हॉट्सॲपवर आलेलं काहीतरी दाखवतं, तर कुणाचा मुलगा अमेरिकेतून फोन करून सांगतो, तिकडे निघालीय, बाबांची करून घ्या. प्रश्न रास्त आहे. पण मागे रांग उभी असताना त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

मुलगा सांगतो ते खरं आहे. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि टेस्टना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, गार्डंट हेल्थ या कंपनीच्या 'शील्ड' टेस्टला मान्यता दिली. ती वयाची ४५ वर्षं पूर्ण झालेल्या, कसलाही त्रास नसलेल्या आणि सर्वसाधारण जोखमीच्या माणसांसाठी आहे. हाताच्या शिरेतून नेहमीसारखं रक्त घेतात आणि ते कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जातं. शरीरातल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात. गाठीतल्या पेशींचेही मिसळतात, आणि त्यांच्यावरच्या काही रासायनिक खुणा वेगळ्या असतात. त्या खुणा ही टेस्ट शोधते. गाठ जितकी लहान, तितके तुकडे कमी. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे आकडे आपोआप कळतात.

मान्यता ज्या अभ्यासावर मिळाली त्यात ७,८६१ जणांचे निकाल धरले होते. प्रत्येकाची कोलोनोस्कोपीही (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहणं) झाली होती, म्हणून टेस्टचा अंदाज बरोबर आला की चुकला हे पडताळून पाहता आलं. कोलोनोस्कोपीत ६५ जणांना कॅन्सर निघाला. त्यातले ५४ रक्ताच्या टेस्टने पकडले, म्हणजे ८३ टक्के. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो, आणि तो वाईट नाही. पण पहिल्या टप्प्यातले १७ होते, त्यातले ११ सापडले, ६ सुटले. ज्या टप्प्यावर उपचार सगळ्यात सोपा, तिथेच टेस्ट कमी पडली.

त्याहून महत्त्वाचा आकडा पॉलिपचा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एका दिवसात उगवत नाही. आतल्या अस्तरावर मांसाचा लहान कोंब येतो, तो पॉलिप. त्यातल्या काहींचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्या काळात तो काढून टाकला तर कॅन्सर होण्याआधीच थांबतो. या अभ्यासात धोकादायक पॉलिप असलेल्यांपैकी १३ टक्केच रक्ताच्या टेस्टने ओळखले गेले. फ्रीनोम या दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या अभ्यासातही हे प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या आसपास आलं. एकाच कंपनीची टेस्ट कच्ची आहे असं नाही. पॉलिप रक्तात फारसं काही सोडतच नाही. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला म्हणजे आतडं साफ आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता 'पॉझिटिव्ह' आला तर? कॅन्सर किंवा धोकादायक पॉलिप नसलेल्यांपैकीही दहातल्या एकाचा निकाल पॉझिटिव्ह येतो. समजा १,००० जणांनी टेस्ट केली आणि त्यातल्या ५ जणांना खरोखर कॅन्सर आहे. चार सापडतील, एक सुटेल, आणि शंभरेक जण कॅन्सर नसताना काळजीत पडतील. आपल्याकडे हा कॅन्सर अमेरिकेपेक्षा बराच कमी होतो, म्हणजे इथे पॉझिटिव्ह रिपोर्टांमध्ये खरे रुग्ण आणखी कमी असणार. पॉझिटिव्हनंतर कोलोनोस्कोपी करावीच लागते. ती करायची तयारी नसेल तर ही टेस्ट करण्यात अर्थ नाही. पैसे जातील, झोपही जाईल.

आमच्या लॅबमध्ये शील्ड होत नाही. 'एकाच नमुन्यात अनेक कॅन्सर' अशी जाहिरात करणारी कुठलीही टेस्ट तुमच्यासमोर आली, तर हेच विचारा: पहिल्या टप्प्यातले किती सापडतात, पॉलिप किती सापडतात, निरोगी माणसांपैकी किती जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते, आणि प्रत्येकाची कोलोनोस्कोपी करून पडताळा घेतला होता का. उत्तर गोलमोल आलं तर पाकीट खिशातच ठेवा.

मग पॅकेजमधली सीईए?

बऱ्याच 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये सीईए ही रक्तातलं एक प्रथिन मोजणारी टेस्ट घातलेली असते आणि लोक तिलाच आतड्याच्या कॅन्सरची टेस्ट समजतात. ती तशी नाही. लवकरच्या कॅन्सरमध्ये सीईए बहुतेकदा नॉर्मल येते. उलट विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये, लिव्हरच्या आजारात, स्वादुपिंडाच्या सुजेत ती वाढलेली दिसते. आमच्या पॅकेजमधून आम्ही ती काढून टाकली आहे. डॉक्टरांनी लिहून दिली तर जरूर करतो, कारण कॅन्सरचा उपचार झालेल्यांवर लक्ष ठेवायला ती फार उपयोगी आहे.

याचं उदाहरण आमच्याच लॅबमधलं. बासष्ट वर्षांचे एक काका मुलाच्या आग्रहाने सीईए करायला आले. नमुना घेणाऱ्या ताईंनी सवयीने विचारलं, "काही त्रास होतो का?" "छे. जुनी मूळव्याध आहे, आठ महिने थोडं रक्त जातं एवढंच." ताईंनी त्यांच्या पापणीच्या आत पाहिलं, पांढरीफट. त्यांनी हिमोग्लोबिन करून घ्यायला सांगितलं, ते ८.४ आलं, म्हणजे बरंच कमी. आम्ही त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला, कोलोनोस्कोपी झाली, डाव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं. काका आता दर तीन महिन्यांनी सीईएसाठी येतात, आणि आता त्या टेस्टला अर्थ आहे.

म्हणून कळकळीची विनंती: शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर कुठलीच स्क्रीनिंग टेस्ट (त्रास नसताना करायची तपासणी) करत बसू नका, रक्ताची नाही आणि शौचाचीही नाही. थेट डॉक्टरांकडे जा. 'मूळव्याधच असेल' हे त्यांनी तपासून ठरवू दे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर त्रास नसतानाही डॉक्टरांना भेटा. अशा घरात कोलोनोस्कोपी चाळिशीपासून किंवा त्याहीआधी सुरू करावी लागते.

त्रास नाही, तरी तपासायचं आहे

त्यासाठी आमच्याकडे शौचाची 'फिट' टेस्ट आहे. डोळ्यांना न दिसणारं माणसाचं रक्त ती शोधते. शील्डसमोर ती जुनी आणि साधी वाटेल. एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात तिने ६७ टक्के कॅन्सर आणि २३ टक्के धोकादायक पॉलिप पकडले. कॅन्सरमध्ये आकडा कमी, पॉलिपमध्ये जास्त. पण ती दर वर्षी करता येते, खर्च थोडा, आणि एका वर्षी सुटलेलं पुढच्या वर्षी सापडू शकतं. शौचातलं रक्त दर वर्षी तपासल्याने या कॅन्सरचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने कमी झाल्याचं अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या अभ्यासात १९९३ मध्येच दिसलं होतं, आणि तेही फिटहून जुन्या पद्धतीच्या टेस्टने. रक्ताच्या टेस्टने मृत्यू कमी झाल्याचा पुरावा अजून यायचा आहे. तो आला तर हे पत्रक आम्ही बदलू.

फिटसाठी उपाशी राहायचं नाही, मटण-मासे बंद करायचे नाहीत. संडासच्या भांड्यात आधी कागद पसरा, नमुना पाण्यात पडू देऊ नका. बाटलीच्या झाकणाला काडी आहे, तिने चार-पाच ठिकाणी हलकं खरवडा. खाचा भरल्या की पुरे, गोळा घ्यायचा नाही. काडी बाटलीत घालून झाकण घट्ट लावा, हलवा, नाव आणि वेळ लिहा. पाळीच्या दिवसांत किंवा मूळव्याधीतून रक्त येत असताना नमुना देऊ नका. उन्हाळ्यात विशेष काळजी घ्या: उष्णतेने नमुन्यातलं रक्त विघटित होतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवून बाजार करत बसू नका, सकाळीच आणून द्या. लगेच जमत नसेल तर डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी आणा. बाटली काउंटरवर मिळते, आणि काडी कशी वापरायची ते ताई दाखवतील. विचारायला लाजू नका.