सोरायसिस व सोरायटिक संधिवात : बदलते उपचार

सोरायसिस हा प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा, वर्षानुवर्षे मागे लागणारा त्वचाविकार. कोपर, गुडघे, डोके येथे लालसर चट्टे उठतात, त्यांवर चंदेरी खपल्या धरतात. तो स्पर्शाने पसरत नाही, तरी रुग्णापासून लोक अंतर राखतात, हे फार वाईट. काहींचे सांधेही धरतात, तो सोरायटिक संधिवात : एखादे बोट सबंध सुजते, टाच दुखते, सकाळी अंग आखडते.

याच्या एका जुन्या औषधाचे नाव ‘गोवा पावडर’ होते. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडात साठणारी ही पिवळसर भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि गजकर्णावर वापरली जाऊ लागली. १८७०च्या दशकात लंडनच्या डॉ. बाल्मानो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर लावली. गुण येई, पण कातडीची आग होई आणि कपडे-चादरींवर न जाणारे डाग पडत. पहिल्या महायुद्धात पुरवठा तुटला, तेव्हा जर्मनीत १९१६ मध्ये डिथ्रॅनॉल हा कृत्रिम पर्याय आला; डागांचा त्रास मात्र सुटला नाही. १९२५ मध्ये अमेरिकेत डॉ. गोकरमन यांनी कोळशाच्या डांबराला अतिनील किरणांची जोड दिली.

तोवर मुख्य मदार वरून लावण्यावर होती. १९५१ मध्ये डॉ. गबनर संधिवाताच्या रुग्णांना अमिनोप्टेरिन हे पोटात घ्यायचे औषध देत असताना एकाचा सोरायसिसही ओसरला. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही स्वस्त आणि उपयोगी आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. म्हणून चिठ्ठीवर वार लिहिलेलाच हवा. पुढे अवयव-प्रत्यारोपणात टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना) आवरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिननेही चट्टे गेले, आणि रोगाचे मूळ या टी-पेशींत आहे या विचाराला बळ मिळाले.

त्यातून जैविक औषधे, म्हणजे सजीव पेशींत बनवलेली प्रथिन-औषधे, आली. टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखणारे इटॅनरसेप्ट अमेरिकेत २००२ मध्ये सोरायटिक संधिवातासाठी व २००४ मध्ये सोरायसिससाठी मंजूर झाले. २०१५ मध्ये आयएल-१७ हे तसेच दुसरे प्रथिन रोखणारे सेक्युकिनुमॅब आले. भारतात बायोकॉनच्या इटोलिझुमॅबला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. ही इंजेक्शने महाग आहेत. शिवाय टीएनएफ रोखले की शरीरात दबून असलेला क्षयरोग उसळू शकतो, म्हणून आपल्याकडे आधी छातीचा एक्स-रे व क्षयाची चाचणी टाळून चालत नाही.

प्रकाशोपचाराने, म्हणजे अतिनील किरणांनी, चट्टे गेले तरी सांधे सुधारत नाहीत, आणि झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. त्वचेवर उपचार चालू असतानाच सांध्यांची विचारपूस करावी लागते ती यामुळे.