अंगणातल्या कासवासाठी आवार : काम सांगण्याआधी वाचा

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात. ग्रिल, शटर, कोंबड्यांची खुराडी, कुत्र्यांची घरं ही रोजची कामं. अलीकडे कासवाच्या आवाराबद्दल विचारणा वाढली आहे. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा छापून हातात द्यावं, म्हणून हे पत्रक. बहुतेक जण येतात ते "दहा बाय दहाची जाळी मारून द्या" असं म्हणतच. जाळी विकणं हा आमचा धंदा आहे, तरी सांगतो : कासवाला चारी बाजूंनी जाळी नको, भिंत हवी. जाळी लागते ती वरून. का, ते पुढे येईलच. पण त्याआधी एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही मापाची टेप काढत नाही.

कासव कोणतं आहे?

पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतील तर ते आपल्याकडचं स्टार कासव. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली ते संरक्षित आहे. ते घरी पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळंच गुन्हा. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साईट्स करारातही 2019 पासून ते सर्वांत कडक परिशिष्टात गेलं आहे. विहिरीत किंवा हौदात "पाणी स्वच्छ राहतं" म्हणून सोडलेलं मऊ पाठीचं देशी कासवही असंच संरक्षित. ही कासवं बाजारात चोरून येतात, कारण कासव घरात असलं की लक्ष्मी येते असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ज्यांना तेवढ्यासाठीच कासव हवं आहे त्यांनी पितळी घ्यावं, त्याला आवार लागत नाही आणि खायलाही लागत नाही. देशी कासव कुठे सापडलं, किंवा आधीपासून घरात आहे असं लक्षात आलं, तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. स्वतः नेऊन कुठेतरी सोडू नका.

आम्ही आवार बांधतो ते परदेशी जमिनीवरच्या कासवांसाठी. कोल्हापुरात आमच्याकडे मुख्यतः दोन येतात : आफ्रिकेतलं सल्काटा आणि दक्षिण अमेरिकेतलं लाल पायांचं कासव. दोन्ही साईट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे 2022 ची कायद्यातली दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. नोंदीची प्रत दाखवा, मग माप घेऊ. यात नाराज होण्यासारखं काही नाही, उद्या कुणी विचारलं तर तो कागद तुमच्याच कामाचा.

कानामागे लाल पट्टा असलेलं, काचेच्या टाकीतलं छोटं कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. ते पाण्यातलं, त्याची व्यवस्था वेगळी, हे पत्रक त्याच्यासाठी नाही. एवढंच सांगतो, कंटाळा आला म्हणून ते रंकाळा किंवा कळंबा तलावात सोडू नका. तिथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास ते पळवतं.

जागा किती?

दुकानात दिसतं ते सल्काटाचं पिल्लू दोन-तीन इंचांचं असतं, तळहातावर मावतं. तेच वाढून सव्वादोन-अडीच फूट लांब आणि 40-50 किलोंचं होतं. मोठे नर त्याहूनही जड होतात. माणसाच्या आयुष्याइतकं जगतं, म्हणजे हे काम तुमच्या मुलांपर्यंत जाणार आहे. पूर्ण वाढलेल्या एका सल्काटाला निदान गुंठाभर मोकळी जागा लागते असा आमचा हिशेब. राजारामपुरीतल्या दोन खोल्या आणि वीतभर अंगणात तो बसत नाही. तिथे आम्ही सरळ नाही म्हणतो. लाल पायांचं कासव एक-सव्वा फुटावर थांबतं, त्याला दहा बाय वीस फुटांत नीट राहता येतं. पिल्लासाठी सहा बाय चार फुटांचा वाफा पुरतो, पण तो तात्पुरता समजा आणि मोठ्या आवाराची जागा आजच डोळ्यांसमोर ठेवा.

जागा निवडताना सकाळचं ऊन येतं का, हे पहिलं बघा. कासवाला ऊन नुसतं उबेसाठी लागत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, त्यावर कॅल्शियम पचतं आणि पाठ टणक राहते. हे किरण काचेतून येत नाहीत. म्हणून खिडकीच्या काचेआड किंवा काचेच्या पेटीत ठेवलेल्या कासवाला ऊन मिळालं असं धरू नका. उलट बंद काचपेटी उन्हात भट्टीसारखी तापते. दुपारी मात्र निम्म्या आवारावर सावली हवीच. चिकू, तुती, शेवगा अशा झाडाची असेल तर उत्तम, नाहीतर 50 टक्क्यांची शेडनेट.

भिंत का, जाळी का नको

कासवाला पलीकडचं दिसलं की त्याला पलीकडे जायचं असतं. वेल्डमेशच्या, म्हणजे वेल्ड केलेल्या चौकोनी जाळीच्या, कडेनं ते सकाळपासून फेऱ्या मारतं, नाक जाळीत खुपसतं, पुढचे पाय अडकवतं. असं आवार लांबूनच ओळखता येतं : जाळीलगत गवत झिजून पायवाट पडलेली असते आणि कासवाच्या नाकाच्या शेंड्याला कातडी सोललेली असते. सल्काटा तर ढकलतोच. चेनलिंकची जाळी तो खालून पोटासारखी फुगवतो आणि एक दिवस तिच्याखालून निघून जातो. भिंत असली, पलीकडचं काही दिसत नसलं, की तेच कासव शांत राहतं, कारण त्याच्या लेखी तिथे जग संपतं.

भिंत जांभ्याची करा. पन्हाळा, राधानगरीकडून येणारे चिरे कोल्हापुरात सहज मिळतात, गिलावा नाही केला तरी चालतं. विटा किंवा सिमेंट ब्लॉकही चालतील. मोठ्या सल्काटासाठी जमिनीवर अडीच फूट आणि जमिनीखाली दीड फूट. लाल पायांच्या कासवाला वर दीड फूट पुरे. पाया काळ्या मातीत असेल तर आधी खोदून मुरूम भरा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि नुसती बसवलेली भिंत दोन पावसांत कलते. त्या भेगांत पिल्लाचा पाय अडकतो, ही वेगळीच भानगड.

भिंतीचे चारी कोपरे गोल घ्या. हे सांगितलं की गवंडी हसतो, पण आम्ही यावर अडून बसतो. काटकोनी कोपऱ्यात कासव एक पाय या भिंतीला, एक त्या भिंतीला लावून वर चढतं, तोल जाऊन पाठीवर पडतं. पाठीवर पडलेलं कासव सपाट जागी कधी कधी उलटतं, कोपऱ्यात उलटायला जागाच नसते. एप्रिलच्या दुपारी असं पडून राहिलं तर मरायला फार वेळ लागत नाही. याच कारणानं आवारात उभ्या पायऱ्या, मोठे सुटे दगड, शोभेच्या कुंड्यांचे ढीग ठेवू नका.

जाळी कुठे? पिल्लांच्या वाफ्यावर. कावळा, घार, मांजर, मुंगूस, घूस यांपैकी कुणालाही दोन-तीन इंचांचं कासव म्हणजे तयार जेवण आहे. कोंबड्यांची षटकोनी मुर्गाजाळी स्वस्त पडते, पण कुत्रं ती दातांनी फाडतं आणि पहिल्या पावसात ती गंजते. अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश चौकटीत वेल्ड करून, बिजागऱ्या आणि कडीसकट आम्ही देतो. वेल्डिंगच्या जागी झिंकचा हात मारून देतो, कारण गंज तिथूनच सुरू होतो. घूस खालून येते, म्हणून वाफ्याच्या तळाला वीतभर मातीखालीही तीच जाळी टाका. मोठ्या आवाराच्या दाराला बाहेरून कडी हवीच, आणि दार खालपर्यंत पत्र्यानं बंद. दारातून उजेड दिसला की कासव दिवसभर तिथेच ठाण मांडतं.

पाऊस

सल्काटा हा सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातला प्राणी. त्याला कोल्हापूरचा जुलै म्हणजे शिक्षा आहे. आठ-आठ दिवस ऊन नाही, जमीन चिकचिकीत, रात्री गार वारा. अशात नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, खाणं बंद, ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणं. पोटाखालची ढाल सतत ओली राहिली तर ती सडते. लाल पायांच्या कासवाला दमट हवा मानवते, ते मूळचं रानातलंच. आम्हाला विचाराल तर आपल्या हवेला तेच जास्त बरं. पण गारठा त्यालाही चालत नाही, आणि साचलेलं पाणी कुणालाच नाही.

म्हणून आवाराची जमीन एका बाजूला उतरती ठेवा, दहा फुटांना तीन-चार इंच तरी. वर मुरूम आणि लाल मातीचा थर, उताराच्या टोकाला भिंतीतून दोन इंची पाइप, पाइपाच्या तोंडाला जाळी. पागोळ्यांचं पाणी आवारात पडत असेल तर आधी पन्हळ लावून घ्या. सल्काटाला बिळं खणायची हौस असते, त्याच्या मुलखात तो खोल बिळात उन्हाळा काढतो. इथे त्याला बीळ खणू देऊ नका. पावसात माती ढासळते आणि आत कासव गाडलं जातं. त्याऐवजी ह्यूम पाइपचा (सिमेंटच्या मोठ्या नळाचा) अर्धा तुकडा पालथा घालून वर माती टाका, उंच बाजूला. त्याला बिळाचं समाधान मिळतं आणि तुम्हाला रात्री शांत झोप.

रात्रीचं घर आम्ही जमिनीपासून नऊ इंच उंच करतो. खाली वीटकाम, वर शहाबादी फरशी नको, खरबरीत कोबा करा, कारण गुळगुळीत फरशीवर पाय घसरून कासवाची चाल बिघडते. छपराला नुसता पत्रा नको, उन्हाळ्यात आत उभं राहवत नाही. मंगलोरी कौल घाला. घरात जायचा चढ अगदी सावकाश हवा, त्यावर आडव्या रेघा. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा पडतो. पारा 15 अंशांखाली जायला लागला की आत सिरॅमिक हीटर आणि तो आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट लागतो. वायर पाइपातून, कासवाच्या तोंडापासून दूर, आणि लाइनवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वाळल्या गवताच्या अंथरुणावर उघडा बल्ब लटकवलेला आम्ही पाहिला आहे. त्याला घर म्हणत नाहीत, चूल म्हणतात.

पाण्यासाठी उथळ, पसरट मातीचं भांडं जमिनीत कडेपर्यंत पुरा. पाणी कासवाच्या हनुवटीच्या खाली राहील इतकंच. जमिनीवरची कासवं पोहत नाहीत, बादलीभर पाण्यातही बुडतात.

आवारात काय लावायचं

हरळी सगळ्यात भारी. पायदळी गेली तरी परत फुटते आणि कासवाचं अर्ध्याहून जास्त खाणं तिथेच होतं. जास्वंदीची पानंफुलं, तुती आणि शेवग्याचा पाला, काटे काढलेली नागफणी ही आवडती खाद्यं. समुद्रफेन कोपऱ्यात ठेवलं तर कॅल्शियमसाठी ते आपणहून कुरतडतं. भाकरी, भात, कुत्र्याचं खाणं नको.

कण्हेर मात्र मुळासकट काढा. कोल्हापुरात कंपाउंडला कण्हेर नाही असं घर शोधावं लागेल, आणि तिचं पान-फूल सगळंच विषारी. पिवळी कण्हेर ऊर्फ बिट्टी, धोतरा, रुई, एरंड, घाणेरी हेही नकोत. शेजारच्या कण्हेरीची फुलं भिंतीवरून आत गळतात, तेही बघा. शेतावरून गवत आणत असाल तर उसात तणनाशक कधी मारलं ते विचारून आणा. आवाराच्या आसपास उंदराचं औषध, वाळवीचं औषध, दाणेदार खत काही टाकू नका.

आवार साफ केल्यावर, कासव हाताळल्यावर साबणानं हात धुवा, मुलांना आधी शिकवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि लहान मुलांना त्यांचा त्रास जास्त होतो.

पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर

शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, नागाळा पार्कच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांना 2019 आणि 2021 वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी 39 ला लागलं की कासव हलवा, 43 ची वाट बघू नका. आणि 40 किलोंचं कासव उचलणार कोण, हे आताच ठरवा. अशा घरांना आम्ही आवारासोबत दोन्ही बाजूंना मुठी असलेली, हवेसाठी भोकं पाडलेली लाकडी पेटी करून देतो. ती माळ्यावर नको, दाराजवळ ठेवा.

काम सांगताना

कासवाचा फोटो आणि नोंदीची प्रत, पाठीची लांबी इंचांत, जागेचा सकाळी नऊचा आणि दुपारी तीनचा फोटो, म्हणजे सावली कळते. माती काळी की तांबडी, आणि पावसात पाणी कुठे साचतं, एवढं कळवा. बांधकामाचा गवंडी तुमचा असला तरी चालेल, आम्ही त्याला कोपऱ्यांचा गोल आणि पाइपाचा उतार दाखवून जातो. जाळी, चौकटी, दार, छपराचा सांगाडा आमच्याकडे. भिंतीचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. मे अखेरीस आलेली ऑर्डर आम्ही घेत नाही, कारण ओल्या पायावर भिंत उभी करून पैसे घेणं आम्हाला पटत नाही. आवार तयार होईपर्यंत कासव घरातल्या कोरड्या खोलीत ठेवा आणि उघडीप मिळेल तेव्हा तासभर अंगणात सोडा, समोर बसून.