"नाही काकू, मला काहीच माहीत नाही"

समजा एक मुलगा आहे, पंधरा-सोळा वर्षांचा. दुपारी त्याने मित्राला फोन केला, "ये ना लवकर, जाम बोअर होतंय", मित्र सायकल काढून निघाला आणि वाटेत ट्रकने उडवलं, जागच्या जागी गेला. रात्री हा मुलगा पांघरुणात तोंड खुपसून मोबाईल उघडतो आणि कॉल लॉगमधला तो एकच कॉल डिलीट करतो. बावीस सेकंदांचा कॉल. दहा-बारा दिवसांनी मित्राची आई विचारते, "कुठे निघाला होता रे तो, तुला काही बोलला होता का?" आणि हा म्हणतो, "नाही काकू, मला काहीच माहीत नाही."

फोन करणं हा काही गुन्हा नाही, कुणी केस करणार नाही. पण त्याच्या डोक्यात जो खटला उभा राहतो त्यात आरोपी तोच, वकील तोच, जज पण तोच, आणि साक्ष द्यायला येतो तो पण तोच, फक्त दोन आठवड्यांनी मोठा झालेला आणि शेवट काय झाला ते माहीत असलेला. सगळा घोळ इथेच आहे.

बारूख फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली एक साधा प्रयोग छापला. लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा लढाईची माहिती वाचायला दिली. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले, काहींना बरोबरी झाली म्हणून सांगितलं, आणि मग विचारलं की निकाल माहीत नसता तर तुम्ही कशाची किती शक्यता धरली असती? ज्याला जो निकाल सांगितला होता त्याला तोच आधीपासून जास्त शक्य वाटायला लागला. म्हणजे एकदा शेवट कळला की "मला आधी माहीत नव्हतं" ही अवस्था मेंदूला नीट आठवतच नाही, तो शेवट मागे नेऊन सुरुवातीला चिकटवून टाकतो. लढाईच्या बाबतीत ठीक आहे, काय फरक पडतो. पण आपल्या मुलाचं काय होतं, की फोन करताना त्याला ट्रक माहीत नव्हता, आणि आता आठवताना मात्र त्या बावीस सेकंदांत ट्रक कुठेतरी दिसतच असतो, आणि मग वाटतं मला कळायला हवं होतं.

त्यात भर म्हणजे "जर-तर". डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९८२ मध्ये लोकांना एक बनवलेली गोष्ट दिली होती, एक माणूस ऑफिसातून नेहमीच्या वेळी निघतो, पण त्या दिवशी वेगळ्या रस्त्याने जातो आणि चौकात नशेत ट्रक चालवणारा एक पोरगा त्याला धडकतो. घरच्यांच्या मनात "जर असं झालं असतं तर" म्हणून काय येईल, असं विचारल्यावर बहुतेकांनी रस्ता बदलला, "रोजच्या रस्त्याने गेला असता तर". नशेतल्या पोराला फार थोड्यांनी हात लावला! जे रोजचं नाही तेच मन आधी पुसायला धावतं. आणि आपल्या गोष्टीत त्या दुपारी रोजचं नसलेलं काय होतं, तर तो फोन. ट्रकचा वेग, तो वळणाचा रस्ता, हे सगळं रोजचंच, म्हणून ते हिशोबात धरलंच जात नाही.

मोठ्यांना हे होत नाही असं नाही, सगळ्यांनाच होतं. पण या वयात दोन गोष्टी जास्त असतात. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो भावनेला आवर घालतो आणि लांबचा विचार करतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, आणि भावनांची यंत्रणा मात्र फुल स्पीडने चालू असते. दुसरं म्हणजे डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये मांडलेला "काल्पनिक प्रेक्षक", म्हणजे या वयात सतत वाटतं सगळे माझ्याकडेच बघतायत. पिंपल आला तरी असं वाटतं, इथे तर मित्र गेलाय. वर्गात शिरलं की कुणी हसलं तरी धस्स होतं, कुणी गप्प झालं तरी.

मग तो लपवतो. आणि आपल्याला वाटतं की लपवायचा त्रास म्हणजे काकूंसमोर खोटं बोलायचा त्रास, तसं नाहीये ते. मायकल स्लेपियन यांच्या टीमने २०१७ मध्ये गुपितांवर काम केलं त्यात दिसलं की लोक समोरच्यापासून गुपित लपवण्यात जितके वेळा अडकतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ते एकटे असताना मनात येतं, आणि जीव खातं ते हे एकट्याचं घोळणं. काकूंना उत्तर द्यायला दोन सेकंद लागले, पण त्यानंतर आंघोळ करताना, बसमध्ये, गणिताच्या पेपरात, तेच. बरं, विचार दाबावा तर तेही जमत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिली तर ज्यांनी आधी दाबला होता त्यांना ते अस्वल जास्तच आठवलं. अस्वलाच्या जागी मित्राची सायकल ठेवून बघा.

मला स्वतःला यातला सगळ्यात वाईट भाग वेगळाच वाटतो. अपराधीपणा मुळात वाईट भावना नाही, ती माणसाला भरपाई करायला लावते, सॉरी म्हण, फुटलेलं आणून दे. पण इथे भरपाई घेणाराच राहिला नाही. रॉब नेलिसन आणि मार्सेल झीलनबर्ग यांनी २००९ मध्ये दाखवलं की भरपाईचा रस्ता बंद असला की अपराधी वाटणारी माणसं स्वतःलाच शिक्षा करून घ्यायला लागतात. म्हणून तो मुलगा फुटबॉल सोडतो, वाढदिवस नको म्हणतो, सायकल विकून टाका म्हणतो, आणि घरच्यांना वाटतं मित्र गेल्याचं दुःख आहे, होईल हळूहळू कमी. कधी तर दुःखही दिसत नाही, नुसती चिडचिड दिसते, दार आपटणं, उलट उत्तरं, कारण किशोरवयात डिप्रेशन बऱ्याचदा रागाच्या रूपात बाहेर येतं. आणि मग त्यावरून ओरडा बसतो. शिक्षा हवीच होती, मिळाली.

आपल्याकडची याची जुनी गोष्ट दशरथाची. सगळ्यांना श्रावण बाळ आठवतो, पण वाल्मीकी रामायणात दशरथ ती गोष्ट कौसल्येला कधी सांगतो ते बघा. तो तेव्हा युवराज होता, लग्न व्हायचं होतं, पावसाळ्यातल्या अंधारात घडा भरल्याचा आवाज हत्तीचा समजून त्याने बाण सोडला. आणि तिला सांगतो राम वनात गेल्यावर सहाव्या रात्री, म्हातारपणी, मरायच्या जरा आधी. तेही कसं, तर आजचं दुःख हे त्या बाणाचंच फळ म्हणून. इतकी वर्षं हिशोब चालूच होता.

बोलल्याने फरक पडतो का? जेम्स पेनेबेकर यांनी १९८४ मध्ये, अपघातात किंवा आत्महत्येत जोडीदार गमावलेल्या लोकांना विचारलं, तर जे मित्रांशी त्याबद्दल बोलले होते त्यांच्या तब्येतीच्या तक्रारी कमी होत्या आणि तेच तेच घोळणंही कमी होतं. पण मुलं थेट सांगत नाहीत. रात्री लाइट बंद केल्यावर, गाडीत शेजारी बसलेलं असताना, "समजा एखाद्यामुळे कुणी मेलं तर..." असं काहीतरी येतं. तिथे घाईने "तुझी काही चूक नाही रे" म्हटलं की विषय बंद, कारण त्याला वाटतं यांना अजून पूर्ण माहीतच कुठेय. आणि तो जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोलत असेल तर वाट बघत बसायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

अशा अपराधीपणावर काम करणारे थेरपिस्ट वेगळंच करतात, ते त्याला त्या दुपारी परत नेतात. फोन केलास तेव्हा तुला काय काय माहीत होतं, एकेक सांग. तो मोकळा होता. त्याच्याकडे सायकल होती. दहा मिनिटांचा रस्ता. आधी पण बऱ्याचदा आला होता. अजून? ऊन होतं. अजून काय माहीत होतं? मुलगा बराच वेळ गप्प बसतो, मग म्हणतो, बास, एवढंच. पुढच्या आठवड्यात परत तेच विचारावं लागतं, कारण तोपर्यंत ट्रक परत त्या यादीत येऊन बसलेला असतो.